वकिलाचे दप्तर, कृत्रिम बुद्धी आणि रुजवात

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात देवळा येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांनी मला या वर्षी चार शब्द बोलण्यास सांगितले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, मी शिक्षणाविषयी अथवा विवाहातील अनाठायी खर्चाविषयी बोलेन. त्या दोन्ही विषयांवर आपण पुष्कळ ऐकले आहे, आणि ऐकून घरी गेल्यावर काय केले तेही आपणांस ठाऊक आहे. म्हणून मी आज निराळाच विषय घेतला आहे. वकिलाच्या कचेरीत जे कारकुनी काम चालते, ते हलके करण्यासाठी कृत्रिम बुद्धीचा, म्हणजे ज्यास तरुण मंडळी ए.आय. म्हणतात त्या यंत्राचा, उपयोग कसा होऊ लागला आहे आणि त्याचा आपल्या दाव्या-फिर्यादींशी काय संबंध येतो, हा तो विषय.

मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या, सारा जन्म प्राथमिक शाळेत घालविलेल्या माणसाने या विषयात शिरावे हे काहींना धाडसाचे वाटेल. परंतु खेड्यात निवृत्त मास्तराची एक जागा ठरलेली असते. ज्याच्या घरी न्यायालयाचा लिफाफा येतो, तो प्रथम मास्तरांच्या ओट्यावर येतो. समन्स वाचून दाखविणे, नोटिशीचा अर्थ सांगणे, उताऱ्यावरील नावे जुळविणे आणि मग पक्षकाराबरोबर कळवण, सटाणा, चांदवड वा मालेगाव येथे वकिलांकडे जाऊन बसणे, हे काम निवृत्तीनंतर माझ्याकडे आपोआप आले. वकिलांच्या बाकावर बसून मी जे पाहिले त्याच्या आधारावरच बोलणार आहे. शिवाय आपल्या समाजातील काही होतकरू मुले व मुली आता वकिलीची सनद घेऊन नाशिकला आणि मुंबईला काम करीत आहेत, आणि त्याहून कितीतरी अधिक मुले वकिलांकडे कारकून म्हणून राबत आहेत. त्यांच्या पोटाचा प्रश्न या विषयात गुंतलेला आहे.

वकिलीचा धंदा म्हणजे काळा कोट घालून न्यायाधीशांसमोर वादविवाद करण्याचा धंदा, अशी आपली चित्रपटांनी करून दिलेली समजूत आहे. मी तालुक्याच्या एका वकिलांकडे सकाळपासून दिवे लागेपर्यंत बसलो, त्या दिवशी कायद्याचा खरा प्रश्न दोन वेळा निघाला. बाकीचा दिवस कशात गेला? बोर्डावर आपले दावे कितव्या क्रमांकाला आहेत ते पाहणे; डायरीत पुढची तारीख लिहिणे; वकीलपत्रावर मुद्रांक लावणे; समन्साचा भत्ता भरला की नाही ते पाहणे; नकलेचा अर्ज देणे आणि मिळालेली नक्कल आणावयास माणूस पाठविणे; दस्तऐवजांची यादी करणे; शपथपत्र टंकलिखित करणे, त्यातील चूक सुधारणे, पुन्हा छापणे; पक्षकाराला तारखेची आठवण देणे; आणि निशाणी पाचचा अर्ज नेमका कोणत्या बस्त्यात बांधला गेला तो शोधणे. हे शेवटचे काम सर्वांत मोठे. एका वाटपाच्या दाव्यात सात-बाराचे उतारे, आठ-अ, फेरफार, वारसनोंदी, खरेदीखते, गहाणखते, मोजणीचा नकाशा आणि हाताने काढलेली वंशावळ, असा पसारा असतो. त्यात देवळा हा स्वतंत्र तालुका १९९९ साली झाला. त्यापूर्वीचे कागद शेजारच्या तालुक्यांच्या नावाने. एकत्रीकरण योजनेपूर्वीचे सर्व्हे नंबर निराळे, नंतरचे गट नंबर निराळे. क्षेत्र एका कागदात एकर-गुंठ्यांत, दुसऱ्यात हेक्टर-आरमध्ये. हे सारे जुळवून तारीखवार घटनाक्रम लावणे हे वकिलाचे अथवा त्याच्या कारकुनाचे काही दिवसांचे काम असते. तोपर्यंत पक्षकार बाकावर बसून असतो, आणि त्याला जे सांगावयाचे असते ते ऐकण्यास कोणालाही वेळ नसतो.

मुंबईच्या मोठ्या वकील-संस्थांचा पसारा याच जातीचा, परंतु हजारपट मोठा. त्यांना लॉ फर्म म्हणतात. शेकडो वकील एका छत्राखाली काम करतात. एखादी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते, तेव्हा विकल्या जाणाऱ्या कंपनीचे सर्व करारमदार अगोदर वाचून काढावे लागतात. आपण शेत घेताना वकिलाकडून शोध-अहवाल काढून घेतो, मागील तीस वर्षांत जमिनीवर कोणाचा बोजा आहे काय ते पाहतो, तसेच ते काम. फरक इतकाच की कागद हजारोंच्या संख्येने असतात आणि ते वाचण्यासाठी तरुण वकिलांना रात्री जागवाव्या लागतात. मुंबईत १९१७ साली स्थापन झालेल्या अमरचंद मंगलदास या संस्थेची २०१५ साली वाटणी झाली. (वाटणी आपल्याच घरांत होते असे नाही!) त्यातून निघालेल्या सिरिल अमरचंद मंगलदास या संस्थेने २०१७ च्या प्रारंभी कॅनडातील किरा सिस्टिम्स या कंपनीचे करार वाचणारे यंत्रसाधन घेतल्याचे जाहीर केले. भारतीय वकील-संस्थेने असे साधन घेण्याचे ते पहिलेच उदाहरण म्हणून गाजले. त्यानंतर हार्वे नावाचे नवे साधनही त्या संस्थेने स्वीकारले. त्याच २०१७ साली अमेरिकेतील जेपी मॉर्गन या बँकेने असे प्रसिद्ध केले की, कर्जाचे करार वाचण्यासाठी तिच्या वकिलांचे व कर्ज-अधिकाऱ्यांचे वर्षाकाठी जे ३,६०,००० तास खर्ची पडत असत, ते काम एक यंत्रप्रणाली आता काही क्षणांत करते. हे आकडे बँकेचे आहेत, आणि धनको आपल्या वहीतील आकडे कसे मांडतो याचा अनुभव आपणा शेतकऱ्यांस आहे; तरीही त्यातील निम्मे जरी खरे मानले तरी गोष्ट लहान नाही.

न्यायालयेही मागे राहिलेली नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या नोव्हेंबरात 'सुवास' नावाची भाषांतराची प्रणाली सुरू केली. तिच्या साहाय्याने इंग्रजी निकाल मराठीसह अन्य भारतीय भाषांत येऊ लागले. महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाचा खटला घटनापीठापुढे चालू असता, २१ फेब्रुवारी २०२३ रोजी तेथील तोंडी युक्तिवाद यंत्राने तत्काळ लिहून पडद्यावर दाखविण्यास प्रारंभ झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने ई-न्यायालय प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यास ७,२१० कोटी रुपये मंजूर केले, त्यापैकी ५३.५७ कोटी रुपये कृत्रिम बुद्धी व तत्सम नव्या तंत्रांसाठी आहेत. देशातील जिल्हा व तालुका न्यायालयांत चार कोटींहून अधिक प्रकरणे पडून आहेत, हे ध्यानात घेतले म्हणजे सरकारला ही घाई का झाली ते कळते.

आता हे यंत्र करते तरी काय? मी माझ्या समजुतीप्रमाणे सांगतो. आपण शाळेत असताना 'गाळलेल्या जागा भरा' असा प्रश्न येत असे. या यंत्राचे शिक्षण त्याच प्रश्नावर झाले आहे. जगातील अगणित मजकूर त्याच्यापुढे ठेवून, पुढचा शब्द कोणता येईल हे त्याला पुन्हा पुन्हा ओळखावयास लावले. कोट्यवधी वेळा हा अभ्यास झाल्यावर त्याला वाक्य कसे जुळते, नोटीस कशी लिहितात, करारात अटी कोणत्या क्रमाने येतात, याचा असा काही सराव झाला की त्याने लिहिलेले वाचून माणूस चकित होतो. त्याच्यापुढे पन्नास कागद ठेवा, तो त्यांचा सारांश देईल, तारखांची यादी करील, नोटिशीचा मसुदा घालील. परंतु शिक्षक म्हणून मला त्याचा एक स्वभाव लगेच ओळखू आला. वर्गात दोन प्रकारची मुले असतात. एक, उत्तर येत नसेल तर जागा कोरी सोडणारी. दुसरी, येवो न येवो, प्रत्येक जागा सुवाच्य अक्षरात भरणारी. हे यंत्र बहुधा दुसऱ्या प्रकारचे आहे. शिक्षकाला कोऱ्या जागेपासून धोका नसतो, ती दिसते तरी. सुवाच्य अक्षरातील चूक मात्र घाईघाईने तपासणाऱ्याच्या हातून हमखास बरोबर ठरून जाते.

याचे मी पाहिलेले उदाहरण सांगतो. नावे बदलली आहेत आणि गावही सांगत नाही. माझा एक जुना विद्यार्थी वाटपाचा दावा लावण्यासाठी वकिलांकडे गेला होता. मी सोबत होतो. वकीलसाहेबांचे तरुण सहायक नव्या साधनांत वाकबगार. त्यांनी सेहेचाळीस कागदांची छायाचित्रे यंत्राला दिली आणि आमचा चहा संपण्यापूर्वी चार पृष्ठांचा तारीखवार घटनाक्रम आमच्या हाती ठेवला. भाषा शुद्ध, तारखा क्रमाने, क्षेत्र सगळे हेक्टरमध्ये रूपांतरित केलेले. वकीलसाहेब खूश झाले. मीही झालो, खोटे कशाला बोलू. मग त्यांचे वृद्ध कारकून, ज्यांना सारे न्यायालय अण्णा म्हणून ओळखते, चष्मा कपाळावरून खाली घेऊन तो कागद वाचू लागले आणि दुसऱ्या पृष्ठावर थांबले. म्हणाले, "साहेब, वादी कारभारी दौलत याने १९५८ साली दोन एकर विकले असे यात म्हटले आहे. वादीचा जन्म सहासष्टचा. त्याने अठ्ठावन्न साली विकले कसे?"

झाले होते असे की, आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल आहे. आजोबा कारभारी दौलत. त्यांचा मुलगा दौलत कारभारी. त्याचा मुलगा पुन्हा कारभारी दौलत. आडनाव एक, गाव एक, शेत एक. यंत्राने आजोबा आणि नातू यांना एकच माणूस धरले, आणि आजोबांनी केलेली विक्री नातवाच्या नावावर लिहून टाकली. तो घटनाक्रम तसाच दाव्यात उतरला असता, आणि वादीने त्यावर सत्यापनाची सही केली असती, तर प्रतिवादीच्या वकिलाला आणखी काय हवे होते? दाव्यातील कथन ही पक्षकाराची कबुली मानली जाते. "आपला हिस्सा वादीने पूर्वीच विकला आहे, असे तो स्वतःच म्हणतो," एवढे एक वाक्य पुरे होते. दुरुस्तीचा अर्ज देता आला असता, पण त्यावर पुन्हा वाद, पुन्हा तारखा आणि पुन्हा खर्च. एवढे सारे अण्णांच्या चष्म्याने वाचविले.

यंत्राला येथे दोष देऊन मी मोकळा होणार नाही. ज्या माणसाला आपली नावे ठेवण्याची रीत ठाऊक नाही, असा परमुलखातील हुशार पदवीधरही हीच चूक करता. आणि हेही सांगितले पाहिजे की त्याच चार पृष्ठांत यंत्राने एक गोष्ट अशी काढून दिली होती, जी आम्हां कोणाच्याही ध्यानात आली नव्हती. एका वारसनोंदीत एका बहिणीचे नाव होते आणि पुढल्या सर्व उताऱ्यांतून ते नाहीसे झाले होते. ते कसे नाहीसे झाले याचा फेरफार कागदांत कोठेच नव्हता. माझ्या विद्यार्थ्याला ही गोष्ट विशेष रुचली नाही, कारण वाटेकरी एकाने वाढला. पण आत्याबाईंचे नाव दाव्यात आले. आपल्या घरांतून मुलींची नावे उताऱ्यावरून कशी गळतात, हे मी या सभेत अधिक सांगत नाही.

आता या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवून पाहा. न्यायालयातून अथवा तहसील कचेरीतून जी सहीशिक्क्याची नक्कल मिळते, तिच्या तळाशी जुन्या पद्धतीप्रमाणे दोन सह्या असत: 'नक्कल करणार' आणि 'रुजवात घेणार'. एकाने उतरून काढावयाचे, दुसऱ्याने मुळाशी शब्दशः ताडून पाहावयाचे, आणि मगच शिक्का उमटावयाचा. नक्कल करणाराचे अक्षर कितीही सुंदर असो, त्याची नक्कल त्यालाच रुजवातीस देत नसत. हा शहाणपणा आपल्या जुन्या कचेऱ्यांत होता. माझे म्हणणे एवढेच आहे की, वकिलाच्या कचेरीत यंत्राला नक्कल करणाराची जागा खुशाल द्यावी, भरपूर काम द्यावे. रुजवात घेणाराच्या जागी मात्र नावगाव असलेला, सही करणारा, उद्या जाब विचारता येईल असा माणूस बसला पाहिजे.

हे न केल्याने काय होते ते मोठ्या शहरांतही दिसून आले आहे. न्यूयॉर्कमध्ये एव्हियांका या विमान कंपनीविरुद्ध एका प्रवाशाने नुकसानभरपाईचा दावा लावला होता. त्याच्या वकिलांनी जे पूर्वनिर्णय आधारास दिले, त्यांतील कित्येक कोणत्याही न्यायालयाने कधी दिलेलेच नव्हते. यंत्राने पक्षकारांच्या नावांनिशी आणि क्रमांकांनिशी ते रचले होते. जून २०२३ मध्ये न्यायाधीशांनी त्या वकिलांना ५,००० डॉलरचा दंड केला. आपणांस वाटेल, ही अमेरिकेची गोष्ट. ऑक्टोबर २०२५ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने प्राप्तिकराचा एक आदेश रद्द करून फेरविचारासाठी परत पाठविला, कारण त्या आदेशात अस्तित्वातच नसलेल्या न्यायनिर्णयांचा आधार घेतला होता. येथे चूक वकिलाची नव्हे, कर आकारणाऱ्या सरकारी यंत्रणेची होती. यंत्राने दिलेले निर्णय पडताळून न पाहता वापरता येणार नाहीत, असे न्यायालयाने त्या वेळी बजावले. केरळ उच्च न्यायालयाने तर जुलै २०२५ मध्ये आपल्या जिल्हा न्यायालयांसाठी धोरणच जाहीर केले आणि निर्णय देण्याच्या कामी या यंत्राचा वापर करण्यास मनाई केली.

भाषांतराचा प्रश्न आपल्या दृष्टीने याहूनही जवळचा आहे. १९९८ सालच्या अधिसूचनेने महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी झाली. दावा मराठीत, कैफियत मराठीत, साक्ष मराठीत. परंतु प्रकरण अपिलात उच्च न्यायालयात गेले की सारे कागद इंग्रजीत करून द्यावे लागतात आणि भाषांतराचा खर्च पक्षकाराच्या डोक्यावर बसतो. गरीब माणसाचे अपील कधीकधी या एका खर्चापायी थांबते, हे मी जवळून पाहिले आहे. यंत्र हे काम अत्यंत स्वस्तात करते, आणि या एका कारणासाठी मी त्याचे स्वागत करतो. मात्र आपल्या जमिनीची भाषा हे एक वेगळेच रान आहे. 'कूळ' म्हणजे घराणे की जमीन कसणारा? 'वहिवाट' म्हणजे रिवाज, ताबा की जाण्यायेण्याचा हक्क? 'मुदत खरेदी' ही खरेदी की गहाण? या शेवटच्या शब्दावर तर पिढ्यान्‌पिढ्या दावे चालले आहेत. इंग्रजीत 'लीव्ह ग्रँटेड' म्हणजे अपील दाखल करण्यास अनुमती दिली. त्याचे हिंदी भाषांतर यंत्राने सुट्टी मिळाली अशा अर्थाचे केल्याचा किस्सा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनीच जाहीरपणे सांगितला आहे. तेथे हसून सोडता येते. उच्च न्यायालयाच्या कागदांत 'कूळ' शब्दाचे भाषांतर घराणे असे झाले तर शेत जाईल. मोडीतील जुन्या कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करणारे यंत्र-प्रतिमान रुरकीच्या आय.आय.टी.तील संशोधकांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले आहे, ही त्यातल्या त्यात आनंदाची वार्ता. कारण मोडी जाणणारे आपल्या भागात आता बोटांवर मोजण्याइतकेच उरले आहेत. तेथेही रुजवात हवीच, आणि ती घेणारे शिल्लक असतील तोवरच घेता येईल.

आणखी एक गोष्ट. पक्षकाराने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने बाहेर फोडू नये, हे बंधन पूर्वी १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या १२६ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात ते १३२ व्या कलमात आले आहे. आता आपले कागद मोबाइलवरून फुकटच्या यंत्राला दिले, म्हणजे ते कोणत्या देशातील संगणकावर जातात आणि तेथे त्यांचे काय होते, हे ना वकिलाला ठाऊक ना पक्षकाराला. मोठ्या संस्था पैसे मोजून बंदोबस्ताचा करार करतात. तालुक्याच्या कचेरीत तसा करार नसतो. म्हणून वकीलसाहेबांना अदबीने विचारावे, "साहेब, आमचे कागद कोठे देता?" असे विचारणे हा उद्धटपणा नव्हे. माझ्या अनुभवात चांगल्या वकिलांना त्याचा राग येत नाही.

राहता राहिला कारकुनांचा प्रश्न, ज्याने मला या विषयाकडे ओढले. टंकलेखन यंत्र आले तेव्हा बोरूने नकला करणारे घाबरले. ते यंत्रापुढे बसून टंकलेखक झाले. झेरॉक्स आले, संगणक आले, टंकलेखकांतील काहीजण टिकले, काही घरी बसले. घरी बसलेल्यांची नावे कोणी स्मरणिकेत छापीत नाही. या वेळी नुसते टंकन जाणार नाही. मसुदा, यादी, डायरी, स्मरणपत्र, सारेच जाणार. ज्या मुलाला फक्त उतरून काढता येते त्याने सावध राहावे हे स्पष्ट सांगितलेले बरे. परंतु अण्णा जे करतात ते यंत्राच्या आवाक्यात आज तरी नाही. कोणता कागद कमी आहे हे ते दप्तर पाहताच सांगतात. वारसनोंदीवेळी बहीण कोठे होती हे पक्षकाराला विचारण्याचे त्यांना सुचते. बेलिफाला पत्ता सापडत नाही तेव्हा मळ्याची वाट तेच सांगतात. माझ्या मते वकिलांनी हे साधन अण्णांच्या जागी आणण्याऐवजी अण्णांच्या हाती द्यावे. तरुण वकिलांच्या बाबतीतही मला एक काळजी वाटते. आजवर ज्युनियर मंडळी कागद लावता लावता धंदा शिकली. घटनाक्रम हाताने लावला म्हणूनच त्यांना दाव्याचे वर्म कळले. ते काम यंत्राने केले तर त्यांना शिकविणार कोण? शाळेत गणकयंत्र आले तेव्हा आम्ही पाढे बंद केले नाहीत; ज्यांनी केले त्यांचे विद्यार्थी आज बाजारात हिशेब कसा करतात ते कांद्याच्या पट्टीवर पाहावे. ज्युनियराने निदान पहिली दोन वर्षे एक घटनाक्रम हाताने, एक यंत्राने, असा अभ्यास करावा.

आणि वाचलेला वेळ कोणाचा, हेही विचारले पाहिजे. मुंबईच्या संस्था तासावर पैसे घेतात. वेळ वाचला की त्यांच्या ग्राहक-कंपन्या बिल कमी करा म्हणतात, आणि त्यांच्यात ते बोलण्याची ताकद आहे. आपला पक्षकार ठोक रक्कम देतो. चार दिवसांचे काम चार घटकांत झाले तरी त्याचा रुपया कमी होत नाही. तो कमी करा असा आग्रह मी धरीत नाही, वकिलांनाही संसार आहे. परंतु तो वाचलेला वेळ बाकावर बसलेल्या माणसाचे ऐकण्यात जावा. आत्याबाईंविषयी माझ्या विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी कोणी पाच मिनिटे विचारले असते, तर ते यंत्राने शोधून काढण्याची वेळ आली नसती.

मंडळाच्या कार्यकारिणीपुढे माझी सूचना अशी. आपल्या समाजातील वकील बंधुभगिनींनी वर्षातून दोन रविवार द्यावेत. वकिलांकडे काम करणारी आपली जेवढी मुले आहेत त्यांना एकत्र बसवून हे साधन चालविण्यास आणि मुख्यतः त्याचे काम मुळाशी ताडून पाहण्यास शिकवावे. अभ्यासासाठी नावे बदललेले जुने कागद घ्यावेत, ज्यात आजोबा आणि नातू एकाच नावाचे असतील, सर्व्हे नंबर व गट नंबर दोन्ही असतील आणि एखादी मुदत खरेदी असेल. असे कागद मी जमवून देतो. माझ्या कपाटात पुष्कळ आहेत. अण्णांसारख्या दोन-तीन जुन्या कारकुनांना मानधन देऊन बोलवावे, मग ते कोणत्याही ज्ञातीचे असोत. ज्यांचे दावे चालू आहेत त्यांच्यासाठी त्याच दिवशी निराळी बैठक ठेवावी. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सी.एन.आर. क्रमांक असतो, तो ई-कोर्ट्सच्या मोबाइल सेवेत घातला की पुढची तारीख घरबसल्या दिसते. हे कृत्रिम बुद्धीचे काम नव्हे, साधी सोय आहे, आणि तरीही केवळ तारीख विचारण्यासाठी दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे खर्च करणारे लोक आजही याच मंडपात बसले आहेत. त्यांनी आपला क्रमांक वकिलांकडून लिहून आणावा. तो कसा घालावयाचा ते दाखविण्यास मी स्वतः हजर राहीन.